मागच्या पंगतीची पानं

खंडेराव मोहिते जेवून उठला की आधी दोघांची ताटं उचलायचा. गुडगावच्या त्या उंच सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये त्याच्याबरोबर राहणारा, ऑफिसातलाच मित्र नीरज टीव्हीसमोर हात वाळवत बसलेला असे, तोवर सिंकमध्ये याचा खणखणाट सुरू. गावच्या जत्रेत पंगती वाढून वाढून एक नियम खंडेरावच्या हाडात मुरला होता: मागच्या पंगतीची पानं उचलल्याशिवाय पुढची पंगत बसवायची नाही. नाहीतर कुणाचं तरी उष्टं कुणाच्या तरी पुढ्यात येतं.

ऑफिसातही तो हेच करायचा, फक्त पगार घेऊन. दोघं मिळून एका हॉटेलवाल्यांच्या काउंटरवर चालणारं बुकिंगचं वेबपेज लिहीत होते. बटण दाबलं की पेजवर छोटी चौकट उघडायची, पाहुण्याचं नाव विचारायची आणि बंद व्हायची. बंद म्हणजे नुसती दिसेनाशी. पेजच्या पोटात ती तशीच दडून राहायची, आतल्या नावासकट. पुढच्या पाहुण्याला नवी चौकट मिळायची खरी, पण नाव शोधायला गेलेल्या पेजच्या कोडच्या हाती आधी लागायची ती जुनीच. म्हणून बंद झालेली चौकट पेजमधून उपटून टाकणारी कोडची एक ओळ लिहावी लागते. नीरज चौकटी झोकात उघडायचा. मागे सावली, कोपऱ्यांना गोलाई, येणंही कसं तरंगत. उपटायची ओळ मात्र मागाहून खंडेराव लिहायचा.

"यार खंड्या, तू आहेस म्हणून माझं चाललंय," नीरज म्हणायचा. तेवढ्यावर खंडेरावचा आठवडा मजेत जायचा.

मग पुण्याच्या ऑफिसात एक जागा निघाली. पुण्यात त्याची बायको द्वारका होती आणि बापाला फोनवरच्या आवाजानंच ओळखणारी मुलगी होती. जागा तुलाच, असं मॅनेजर वैजयंती मॅडमनी जवळजवळ सांगून टाकलं होतं.

बातमी ऐकून सासरे दिल्लीला आले. मराठी पाहुणा आला की त्याला पानिपत दाखवावं लागतं. आपण हरलो ती जागा इतक्या हौसेनं, दशम्यांचा डबा घेऊन बघायला जाणारे आपणच. खंडेराव स्मारकापुढे सासऱ्यांचा फोटो काढत होता, तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"खंडेराव, एकाची खोली दुसऱ्याच्या नावावर जातेय. क्लायंट भडकलाय."

"मॅडम, जुन्या चौकटी काढायची ओळ आहे तिथं."

"नाहीये."

दुसऱ्या दिवशी त्यानं नीरजला गाठलं. "ओळ कुठं गेली रे?"

"अरे, क्लायंटला दाखवताना चौकट फटकन गायब व्हायची. तरंगत जायचीच नाही. म्हणून मी काढली. टेन्शन नको घेऊस, मॅडमना सांगतो मी."

मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, तेव्हा नीरजनं पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि म्हणाला, "चौकटी साफ करायचं खंडेरावच बघतो, मॅडम."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पुढचं वाक्य आता येईल, मग येईल, म्हणून खंडेराव मित्राच्या तोंडाकडे बघत राहिला. आपण बोललो तर चुगली होईल, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं. नीरज बाटलीचं झाकण लावत होता.

"खंडेराव, तुझं पुण्याचं नंतर बघू," मॅडम म्हणाल्या.

महिन्याभरात त्या जागेवर पुण्याला नीरज निघाला. आदल्या दुपारी फ्लॅटवर श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. केलं अर्थात खंडेरावनंच. जेवून तो उठला, आपलं एकट्याचं ताट घासलं आणि पालथं घातलं.

"खंड्या, माझं राहिलं की," नीरज हात वाळवत म्हणाला.

"दिसतंय."

नीरज हसला. त्याला ती गंमत वाटली.

तो गेला. ताट तिथंच होतं. खंडेराव दोन दिवस त्याकडे न बघता चहा करत राहिला. तिसऱ्या दिवशी वाळलेलं श्रीखंड नखानं खरवडून त्यानंच ते घासलं. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच रडू आलं, ते तेव्हा.