बाबांचं पान

माझा दादा पोटासाठी नेमकं काय करतो हे आईला कधी धड कळलं नाही, आणि मलाही कळायला फार वेळ लागला. दातांच्या डॉक्टरची वेबसाइट असते, गाद्या विकणाऱ्याची असते, अडकलेली कुलपं उघडून देणाऱ्याची असते. लोक फोनवर 'दात दुखतोय' असं टाइप करतात तेव्हा ढीगभर डॉक्टरांमधून आपला डॉक्टर वर दिसला पाहिजे. तो वर आणायचा, एवढंच दादाचं काम. आई शेजारणींना सांगायची, "तो लोकांना वर काढतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, हा विहिरीत उतरतो की काय.

औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. लांबट खोली, भिंतीला चिकटून टेबलं, एकच खिडकी आणि तिला लागून मालक बसलेले, त्यामुळे उजेडसुद्धा मालकांच्या परवानगीने आत येतो. दादा कोपऱ्यात, बंद पडलेल्या प्रिंटरच्या शेजारी. शोधयंत्राला तो 'साहेब' म्हणतो. संध्याकाळी घरी आला की चेहऱ्यावरूनच कळायचं, साहेबांचा मूड आज कसा होता ते.

"काल गादीवाले पहिले होते. आज कुठल्या कुठे गेले."

"कुणी काही केलं का?"

"कुणी हात लावला नाही."

"मग का रे?"

"साहेबांची मर्जी."

असलं काम मला कुणी दिलं असतं तर पहिल्याच दिवशी चपला घालून घरी परत आले असते. दादा मात्र वर्षानुवर्षं त्या न दिसणाऱ्या साहेबाच्या लहरी सांभाळत बसला. साहेबांना शिळं चालत नाही, सारखं काहीतरी ताजं द्यावं लागतं. जड फोटो चालत नाहीत, पान उघडायला वेळ लागला की नाक मुरडतात. मथळा लांब झाला की मधेच कापून टाकतात. आणि वर चापलुसी अशी, की ज्याला जे आवडतं तेच त्याला वर दाखवतात. म्हणून दादा स्वतःच्या फोनवर कधीच विश्वास ठेवायचा नाही. केस कापायला गेला की न्हाव्याचा फोन मागायचा, "जरा बघू दे, तुला काय दिसतं ते." न्हाव्याला वाटायचं, बिचाऱ्याकडे फोन नाही.

हे सगळं मी थट्टेवारी नेत होते, बाबा हरवले त्या दिवसापर्यंत.

बाबा पाणीखात्यात मीटर वाचायचे. उभा जन्म गल्लोगल्ली पायी. रिटायर झाल्यावर डोकं हळूहळू सगळं विसरायला लागलं, पाय मात्र काहीच विसरले नाहीत. सकाळी उठून, कपडे घालून, माझ्या दुकानातली चष्म्याची डबी खिशात टाकून दाराशी उभे राहायचे, "मला उशीर होतोय" म्हणायचे. आई कडी लावून ठेवायची. त्या दिवशी आई आंघोळीला गेली होती, मी चष्म्याच्या दुकानात कामावर, दादा ऑफिसात. कडी त्यांनी कशी काढली देव जाणे. आई बाहेर आली तर दार सताड उघडं आणि घरात कोणी नाही.

पोलीस झाले, दवाखाने पालथे घातले, बसस्थानकावर प्रत्येक बाकाखाली वाकून पाहिलं. शोधून शोधून आम्ही थकलो तेव्हा दादा म्हणाला, "आता मला जे येतं ते मी करतो." आणि त्याने बाबांचं पान बनवलं.

ते पहिलं पान मला अजून तोंडपाठ आहे. नाव, मोठा स्वच्छ फोटो. अंगाने सडपातळ. भरभर चालतात. कोणी हाक मारली की थांबून पूर्ण वळून बघतात. जास्त बोलत नाहीत. खाली आईचा नंबर. बस्स. पण वाचलं की बाबा समोरच्या वळणावरून येताना दिसायचे.

पान काही दिवस वर राहिलं आणि मग घसरायला लागलं. दादा म्हणाला, साहेबांना ताजं हवंय. म्हणून दर रविवारी तो स्वयंपाकघरात आईसमोर लॅपटॉप घेऊन बसायचा. "आई, बाबांचं काहीतरी सांग. नवं." आणि आई सांगायची. दाढी करताना तोंड वाकडं करायचे आणि तसंच ठेवून बोलायचे. झोपताना पाय पांघरुणाबाहेर. खुर्चीत नेहमी अर्धेच बसायचे, जणू आत्ता उठायचंय. दुसऱ्या खोलीत नळ ठिबकला तरी झोपेतून ओरडायचे. सांगता सांगता आईच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा. मी भांडी विसळत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, चला, निदान साहेबांमुळे या घरात कोणीतरी बाबांबद्दल बोलतंय.

पण माणूस कितीही जवळचा असला तरी त्याच्या गोष्टी कधीतरी संपतात. एका रविवारी आईने लॅपटॉप बाजूला सारला. मग म्हणाली, "त्यांच्याबद्दल माझ्याकडे आता काही उरलं नाही रे." आणि उठून आत गेली. दादा रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसला. त्याची इतकी कीव मला कधी आली नव्हती.

त्यानंतर तो नव्या गोष्टींसाठी आईकडे गेला नाही. तो साहेबांकडेच गेला. हरवलेल्या-सापडलेल्या माणसांसाठी लोक काय काय टाइप करतात, हे साहेब त्याच्यासारख्यांना दाखवतात. दादाने ते उघडून मला दाखवलं. काठीवाले आजोबा सापडले. दाढीवाले म्हातारे, ऐकू येत नाही. बहिरे गृहस्थ, घर विसरले.

"बघ," तो म्हणाला, "रस्त्यात कोणाला म्हातारा माणूस सापडला की लोक हेच टाइप करतात. काठी, दाढी, ऐकू येत नाही. आपल्या पानात हे शब्दच नसतील तर आपण त्यांच्यासमोर येणारच नाही."

"अरे, पण बाबांनी जन्मात काठी धरली नाही!"

"आता धरली असेल. इतके महिने झाले. दाढीही वाढली असेल."

"आणि ऐकू येत नाही? बाबांना? भिंतीमागचं पाणी ऐकणाऱ्या माणसाला? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"तिखट, ऐक." लहानपणापासून तो मला तिखटच म्हणतो. "आधी पान दिसू दे. एकदा उघडलं की लोक फोटो बघतील, बाकीचं वाचतील, फोन करतील. न दिसणाऱ्या पानात कितीही खरं लिहिलं तरी त्याचा उपयोग काय?"

त्याच्या धंद्यात ते बरोबरच होतं. त्याने आधी जपूनच लिहिलं, की हातात काठी असू शकते, कदाचित कमी ऐकू येत असेल. पण मथळा लांब झाला आणि साहेबांनी 'असू शकते' आणि 'कदाचित' कापून टाकलं. मग दादानेही ते काढलं. फोटो जड होता म्हणून लहान केला, इतका लहान की नाकाचा नुसता अंदाज यायचा. पाय पांघरुणाबाहेर, खुर्चीत अर्धे, असलं टाइप करून कुणी शोधत नाही म्हणून तेही गेलं. आणि बाबांचं पान वर चढायला लागलं. न्हाव्याच्या फोनवर पहिलं. मालकांच्या फोनवर पहिलं. माझ्या दुकानात चष्मा घ्यायला आलेल्या परगावच्या बाईच्या फोनवरसुद्धा पहिलं. दादा त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवला.

आईचा फोन वाजायला लागला. रोज वाजायचा. ती फोन उशाशी घेऊन झोपायची, हातात धरून आंघोळीच्या दारापर्यंत जायची. कुठे कुठे नेलं आम्हाला त्या फोनने! प्रत्येक वेळी आई धुतलेला शर्ट पिशवीत घालून घ्यायची, बाबांना बदलायला. आणि प्रत्येक ठिकाणी काठी घेतलेला, दाढी वाढलेला, कानावर हात धरून 'काय?' विचारणारा दुसऱ्याच कुणाचा तरी म्हातारा बसलेला असायचा.

एकदा एका दवाखान्याच्या व्हरांड्यात असेच एक आजोबा होते. आईला बघून त्यांचे डोळे भरून आले. "आलीस?" म्हणाले, "किती उशीर केलास गं." दादा लगेच मागे वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आई त्यांच्याशेजारी बसली. "आले ना," म्हणाली. पिशवीतला शर्ट काढला, त्यांना घातला, बटणं लावली. बसमध्ये मला म्हणाली, "त्या आजोबांचीही कोणीतरी असेल ना गं वाट बघत. तिच्याही फोनवर असेच दुसरे कुणी येत असतील." मी तिच्या मांडीवरची रिकामी पिशवी घडी करून माझ्याकडे घेतली.

मग एके दिवशी, दुपारची वेळ होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी काचा पुसत होते, तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. पलीकडे एक बाई, लांबच्या शहरातल्या बेवारस म्हाताऱ्यांच्या निवाऱ्यात काम करणारी. तिने विचारलं, "चष्म्याच्या डबीवर हा नंबर आहे. तुमच्याच दुकानाची डबी ना?"

"हो, आमचीच. का हो?"

"आमच्याकडचे एक आजोबा गेले काल. डबी आतल्या खिशात शिवून घ्यावी तशी जपायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हटलं, कोणाचा पत्ता लागतोय का बघू."

मी स्टुलावर बसले आणि विचारलं, कसे होते.

"बारीक. चालायचे मात्र काय! आमची पोरं मागे पळायची."

"काठी होती?"

"काठी? छे हो!"

"ऐकू यायचं?"

"कान एकदम तीक्ष्ण. लांबून हळूच हाक मारा, थांबून पूर्ण वळून बघायचे. नाव विचारलं की भलतंच सांगायचे, त्यांच्या वडिलांचं असेल. तेवढं सोडलं तर बोलणं कमी."

मी रडत होते हे तिला कळलं असावं, कारण तिचा आवाज खाली आला. "आम्ही शोधलं होतं हो ताई. ते आमच्याकडे अलीकडेच आले, त्याच आठवड्यात. फोनवर सगळ्यात आधी एक पान आलं, हरवलेल्या आजोबांचं. वयाने जुळत होतं. पण त्यात काठी, दाढी, ऐकू येत नाही असं होतं. फोटोतही काही कळेना. म्हटलं, हे ते नव्हेत."

ते पान कोणाचं, हे मी तिला सांगितलं नाही. पत्ता लिहून घेतला, फोन ठेवला, दुकानमालकांना सांगितलं आणि दादाच्या ऑफिसकडे निघाले. रस्ताभर स्वतःला बजावत होते, गेले एवढंच सांगायचं, पुढचं एक अक्षर बोलायचं नाही. बोललीस तर याद राख. या माणसाने काय कमी केलं? त्याला जे येत होतं ते सगळं त्याने बाबांसाठी केलं. ते पान माझ्या तोंडून त्याच्या अंगावर फेकायचं नाही.

जिना चढले. तो प्रिंटरशेजारी वाकून बसला होता. माझा चेहरा बघून उठला.

"बाबा?"

मी मान हलवली. काल गेले म्हटलं, कुठे ते सांगितलं. मालकांनी खिडकीपासून वळून पाहिलं आणि ते उठून खोलीबाहेर गेले. दादाने खुर्चीची पाठ धरली. रडला नाही. डोळे मिटून काहीतरी हिशेब करत असावा तसा उभा राहिला.

"तिकडे आपण खाली असणार," तो म्हणाला. "तिकडच्या कुणाच्या फोनवर मी कधी बघितलंच नाही. त्यांना पान दिसलंच नसेल. अजून वर आणायला हवं होतं गं. मी कमी पडलो."

"दादा, चल घरी. आई एकटी आहे."

"त्यांनी शोधलं होतं का? विचारलंस तू?"

"चल ना रे."

"तिखट, विचारलंस का?"

तो माझ्याकडे बघत होता. खोटं बोलणं मला कधी जमलं नाही, आणि त्याला ते माहीत आहे.

"शोधलं होतं," मी म्हणाले. "आपलंच पान पहिलं आलं. त्यांनी ते उघडलं, वाचलं आणि हे आजोबा तसे नाहीत म्हणून बंद केलं. बाबा त्यांच्या समोरच होते."