राजाभाऊंचा मेलबॉक्स सिंक होत नव्हता

आधीच सांगतो, हे वाचून कुणी मला अंगारा-धुपारा सुचवायला येऊ नका. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीपासून आमच्या घरात देवदेवस्की नाही, आणि माझा स्वतःचा स्वभाव इतका खोचक, की कुणी भुताचा विषय काढला की मी आधी घरातलं वायरिंग तपासायला सांगतो. या ग्रुपवरच्या निम्म्या अनुभवांखाली 'सीसीटीव्ही बघितला का?' ही कमेंट माझीच असते. आज तीच मला येणार, हे धरूनच लिहितोय.

मी आंबीच्या एका केमिकल कारखान्यात आयटी बघतो. आमच्याकडे आत फोन न्यायला बंदी आहे, गेटवर जमा करावे लागतात. त्यामुळे आत सगळा कारभार मेलवर चालतो. कामाचा चालतोच, घरचाही चालतो. मेन्टेनन्सचे राजाभाऊ आणि स्टोअर्समधल्या मनीषावहिनी, हे उर्से गावचं जोडपं तर भांडायचंसुद्धा ऑफिसच्या मेलवर. 'येताना दूध', 'काल आईंशी असं का बोललात', 'डबा विसरलात, स्टोअर्सला या'... कधी मेल अडकली की राजाभाऊ माझ्या दारात. म्हणायचे, "अरे, बायको रागावलीय का सर्व्हर, तेवढं सांग."

मेलचे सर्व्हर दोन. एक आंबीत आणि दुसरा लोणावळ्याजवळ वलवणला, कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये. एकीकडे आग लागली, पाणी शिरलं, तरी दुसरीकडे सगळं शाबूत राहावं म्हणून. दोघांकडे प्रत्येकाच्या मेलची पूर्ण कॉपी असते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेतात. इथे आलेली मेल तिथे जाते. इथे वाचली की तिथेही वाचलेली दिसते. यालाच रेप्लिकेशन म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात राजाभाऊ वलवणला जनरेटर बघायला गेले. काम झालं, वॉचमनबरोबर चहा घेतला, येतो म्हणाले आणि निघाले. त्यांची गाडी धरणाच्या रस्त्याला नीट स्टँडवर लावलेली सापडली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. माणूस नाही. लोणावळ्याची रेस्क्यूची पोरं धुक्यात दोर लावून दऱ्या उतरली, पोलिसांनी धरणाचा काठ पालथा घातला. फोन बंद. घरात मोठं भांडण नाही, डोक्यावर कर्ज नाही, काही नाही. वहिनींचं तेव्हापासून जे झालं त्याला सांगायला शब्द नाहीत. विधवा म्हणावं तर तसं नाही, आणि सवाष्ण म्हणताना लोकांची जीभ अडखळायची.

काही आठवड्यांनी त्या कामावर आल्या आणि राजाभाऊंना मेल पाठवायला लागल्या, पूर्वीसारख्याच. 'भात कापून झाला.' 'आबांचा गुडघा दुखतोय.' पोलिसांनी आयडी बंद करू नका असं सांगितलेलं, म्हणून मेल पोचत होत्या. सर्व्हरच्या यादीत मला विषयाच्या ओळी दिसायच्या, मी पुढच्या कामाला लागायचो.

हिवाळ्यात रेप्लिकेशनची तक्रार सुरू झाली. शेकडो मेलबॉक्स व्यवस्थित, फेल फक्त एक. राजेंद्र, म्हणजे आपले राजाभाऊ.

मी शहाण्यासारखं सगळं केलं. डिस्क तपासली, दोन्हीकडची घड्याळं जुळवली, आंबी-वलवणची लाइन तपासून घेतली, इंडेक्स पुन्हा बांधला. फेल ते फेलच. शेवटी मेलबॉक्स उघडून बघण्याशिवाय इलाज नव्हता, आणि एचआरनं सांगितलं की त्यांच्या बायकोला विचारल्याशिवाय उघडायचा नाही. विचारलं. वहिनी म्हणाल्या, उघडा, पण मी समोर बसणार.

तर दुपारी दोघं बसलो. आंबीच्या कॉपीत वहिनींच्या सगळ्या मेल ठळक अक्षरात, म्हणजे न वाचलेल्या. असायलाच हव्यात. वलवणच्या कॉपीत त्याच मेल वाचलेल्या. एकूण एक. मेल पोचत होत्या, फक्त वाचल्याची खूण परत आंबीला येत नव्हती.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि मी लगेच तांत्रिक बडबड सुरू केली. पण लॉगिनची नोंद कुठेच नव्हती. सर्व्हर कोण आत आलं ते स्वतः टिपून ठेवतो, आणि त्याच्या मते कुणीच आलेलं नव्हतं. मी पासवर्ड बदलला. वलवणची कॉपी पूर्ण पुसून आंबीवरून नवी केली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मी स्वतः वलवणला जाऊन भर दुपारी त्या मशीनसमोर बसलो. आंबीची एक लाइन सोडून बाकी सगळी जोडणी काढून टाकली. वहिनींनी स्टोअर्समधून मेल पाठवली, ती माझ्यासमोर ठळक अक्षरात आली. मी कशालाही हात लावला नव्हता. थोड्या वेळानं अक्षरं साधी झाली. मेल वाचली गेली होती.

मला भीती वाटली नाही, खरं सांगतो. मला आशा वाटली, आणि ती भीतीपेक्षा वाईट. वाटलं, माणूस कुठेतरी आहे. आयटीवाल्याला फसवण्याइतकी युक्ती त्याला कुणीतरी शिकवलीय, पण आहे. वहिनींच्या चेहऱ्यावर तर रंगच आला. त्या डबा पुरता खायला लागल्या.

पण उर्शात आबांनी, म्हणजे राजाभाऊंच्या वडिलांनी, वेगळं ठरवलं होतं. बेपत्ता माणसासाठी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग दहावं-तेरावं. आबांना ते उरकायचं होतं. वहिनी म्हणाल्या, तुम्ही येऊन समजावा, माझं ते ऐकत नाहीत. गेलो. मेल, सर्व्हर, वाचलेलं, न वाचलेलं, सगळं सांगितलं. म्हातारा शांतपणे ऐकत होता.

"वाचतोय म्हनता," आबा म्हणाले, "मग दोन वळी लिवायला त्याचा हात धरलाय का कुनी?"

वहिनी म्हणाल्या की आणखी थोडं थांबू या. आबा म्हणाले, "पोरी, मी बाप हाय त्याचा. मला का वाटत न्हाई? पर त्यो जर गेला असंल, तर आपुन त्याला हितं अडकवून ठिवलाय. लय झालं आता."

त्या रात्री वहिनी झोपल्या नसाव्यात. सकाळी माझ्याकडे आल्या आणि पाठवण्याआधी मेल दाखवली. त्यात लिहिलं होतं, 'आबा विचारतात. जिवंत असाल तर ही बाकीच्यांसारखी वाचून ठेवा. नसाल तर वाचून परत न वाचलेली करा. मी काय ते समजेन.'

मी म्हटलं, "वहिनी, असं विचारू नका." त्यांनी माझ्यासमोर पाठवली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्क्रीन बघितली, तर फेलची यादी रिकामी होती. रेप्लिकेशन चालू. इतके दिवस डोकं फोडलेलं, त्यामुळे सवयीनं मी आधी खूशच झालो. मग मेलबॉक्स उघडला. आंबी आणि वलवण, दोन्ही कॉप्या तंतोतंत सारख्या. खालच्या सगळ्या मेल वाचलेल्या. सगळ्यात वरची एकच ठळक अक्षरात.

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या. मी पटकन म्हटलं, "अजून उघडलेलीच नाही. थांबू आपण."

त्यांनी शांतपणे विचारलं, "लॉग बघितलात?"

बघितला होता. आधी वाचली गेल्याची नोंद होती, आणि तिच्या खाली परत न वाचलेली केल्याची. लॉगिन नाही. मला तोंडावर खोटं बोलता आलं असतं, मी ते करणारही होतो, पण मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. वहिनी खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत. थोड्या वेळानं उठल्या आणि म्हणाल्या, "गेटवर जाऊन आबांना फोन करते."

पवनेच्या काठी विधी झाला. मी असल्या गोष्टींना कधी जात नाही, पण गेलो. पिंड ठेवून माणसं मागे सरतात न सरतात तोच कावळा शिवला. लोक म्हणाले, बघा, कसली इच्छा राहिली नव्हती. आबा मोठ्यानं रडले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

नंतर मी सॉफ्टवेअरवाल्यांच्या फोरमवर सगळं मांडलं. एकानं लिहिलं, बग असेल, खुणा कधीकधी उलटसुलट होतात. असेल. मी विचारलं की तुमच्या बगला मराठी वाचता येतं का? त्याचं उत्तर आलं नाही. मीही रोज नवी कारणं शोधतो आणि संध्याकाळपर्यंत ती माझीच मला पटेनाशी होतात. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा. फक्त सीसीटीव्ही म्हणू नका, तो मी बघितलाय. त्यात वलवणच्या खोलीत मी एकटाच बसलेला दिसतो.

गेल्या महिन्यात वहिनींनी स्वतःच सांगितलं की आता आयडी काढून टाका. त्या शेजारी उभ्या असताना मी आंबीवरून राजेंद्रचा मेलबॉक्स डिलीट केला. मनातून मला वाटत होतं की वलवणची कॉपी ऐकणार नाही, पुन्हा फेल येईल, आणि मी वहिनींना म्हणेन, बघा. तसं झालं नाही. डिलीट त्याच क्षणी पलीकडे पोचलं आणि तिथूनही सगळं गेलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

झालं, म्हटलं.