‘न्हाई’ म्हणण्याआधी

आमच्या कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर बिघडला की वालूरहून एक गृहस्थ येतात. गालात सुपारी, खिशात छोटा टॉर्च. लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्राचा गाभा, ते स्वतः तयार करतात. पडद्यावर एकेक प्रश्न येतो: अमुक बस ठेवायची का? बस म्हणजे कार्डं जोडायची वाट. दर प्रश्नाला ते कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात टॉर्च मारतात आणि स्वतःशीच बोलतात, “हाय का? न्हाई.” मग ती वाट बंद. “फिजूल वझं कशाला, भाऊ?”

हंगाम संपला की काट्याचं वजन कॉम्प्युटरला पोचवणारं कार्ड काढून माझ्या कपाटात ठेवायची आमची पद्धत, कापसाची धूळ बसते म्हणून. त्यांना ती ठाऊक नव्हती. गेल्या उन्हाळ्यात त्यांना त्या कार्डाची, जुन्या आयएसए बसची खाच रिकामी दिसली आणि त्यांनी ‘न्हाई’ केलं. कापसाच्या पहिल्या गाड्या आल्या, मी कार्ड बसवलं, पण पडद्यावर वजनच येईना. फाटकाबाहेर ट्रॅक्टर तटले. ते आले, आणि गाभा पुन्हा तयार होईपर्यंत शेतकऱ्यांच्या शिव्या मान खाली घालून ऐकत बसले. कार्ड माझ्या कपाटात होतं, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

यंदा नवा कॉम्प्युटर आला, नवा काटाही. आयएसएचा तोच प्रश्न येताच ते उठले, आणि डब्यात नाही, माझ्या कपाटात टॉर्च मारला. जुनं कार्ड तिथंच होतं. परत येऊन त्यांनी ‘हो’ दाबलं.

“अहो, ह्याला ती खाचच नाही,” मी म्हणालो.

“नसू द्या. कपाटात हाय ना.”