मंगळवारचं होल

मर्डो आमच्या स्कॉटिश गावच्या गोल्फ मैदानाची निगा राखतो. होल रोज नव्या जागी पाडायची रीत आहे. यंदाच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र दर मंगळवारी शेवटचं होल डाव्या उताराखालीच असायचं. कडक जमिनीवरून चेंडू आपोआप तिथे घरंगळतो.

"कुणीतरी त्याचा खिसा गरम करतंय," क्लबात कुजबुज झाली. "हाकला त्याला."

संशय मलाही होता. म्हणून मंगळवारी मी कुंपणापाशी थांबलो.

दर मंगळवारी खेळायला येणारी म्हातारी एफी आली. अर्धांगाच्या झटक्यापासून तिचा प्रत्येक फटका डावीकडे जातो. चेंडू घरंगळत होलात पडला.

"बघितलंस, मर्डो? स्विंग सुधारला माझा!"

"खांदा अजून वळव, म्हातारे. लगेच शेफारू नकोस."

ती गेल्यावर मी म्हणालो, "क्लबला खरं सांगून टाका. नोकरी वाचेल."

"संध्याकाळपर्यंत एफीच्या कानावर जाईल," मर्डो म्हणाला आणि सुकलेल्या गवताला पाणी घालू लागला.