काळजावरचा भुंगेरा

खावीला जन्मभर एकच दुखणं होतं, आणि त्याचं नाव नेबरे. नाईलच्या पश्चिम काठावर चाळीस वर्षं दोघांनी शेजारी बसून हिरव्या-तांबड्या दगडांचे भुंगेरे कोरले. पण गिऱ्हाईक आलं की विचारणार, "नेबरे कुठाय?" जसा काही खावी तिथं माश्या मारायलाच बसलेला!

घरीही तेच. "नेबरेभावजींच्या भुंगेऱ्याचे पाय बघितलेत? आत्ता चालू लागेल!" असं बायको म्हणाली की खावीच्या घशाखाली भाकर उतरत नसे.

शेवटी नेबरे गेला. त्याची बायको इसेत एक हिरवा भुंगेरा घेऊन आली. म्हणाली, "त्यांनी स्वतःसाठी कोरलेला. नाव तेवढं तुम्ही घाला, भावजी. तुमच्याकडूनच घालून घ्यायचं, असं सांगून गेलेत." मेल्यावर देवांपुढं काळीज तराजूत पडलं की त्यानं मालकाच्या चहाड्या करू नयेत, म्हणून हा दगड मेलेल्याच्या छातीवर लागतो.

खावीनं दगड हातात घेऊन उजेडाकडे धरला. काय देखणा! म्हणजे मेल्यावरही हाच मिरवणार?

स्वतःसाठी कोरलेला तसाच हिरवा भुंगेरा खावीनं वीस वर्षं कोनाड्यात दडवला होता. कुणी तुलना केली तर, ही धास्ती. त्यानं सरळ अदलाबदल केली. नेबरेच्या भुंगेऱ्यावर स्वतःचं नाव घातलं, आपल्यावर नेबरेचं, आणि तो इसेतला दिला. 'जा लेका, आता माझ्या हातचं घेऊन जा!'

दफनाच्या दिवशी भुंगेरा कारागिरांच्या हातोहात फिरला. सगळ्यांत म्हातारा पाशेद त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"अहाहा! असं काम तर नेबरेनंही कधी केलं नव्हतं. सगळ्यांत चांगलं शेवटाला राखलं बघा पठ्ठ्यानं! बघ खावी, बघून घे. तुझ्या बापजन्मी जमायचं नाही हे."

"ते मी..." खावीच्या तोंडून निघालंच. तोच कोनाड्यातला नेबरेचा दगड आठवला, त्यावर घातलेलं स्वतःचं नाव आठवलं.

"तू काय?"

"नाव... नाव मी कोरलंय."

पाशेदनं भुंगेरा उलटा करून पाहिला.

"हां, ते कळतंच आहे," तो म्हणाला. "जरा वाकडंच आलंय." आणि त्यानं तो नेबरेच्या छातीवर ठेवून दिला.