ज्योतीरामचा आकडा

ज्योतीराम आणि मी भोसरीत एकाच प्रेस शॉपमध्ये राबलो. तो धाराशिवकडून आलेला, मी जुन्नरचा. प्रेस मशीनवर पत्र्याला आकार देणारी डाय बसवली की तो प्रत्येक नट दोनदा आवळायचा. एकदा स्वतःसाठी, एकदा पुढच्या शिफ्टवाल्यासाठी. अर्धवट काम त्याला जमलंच नाही.

रिटायर झाल्यावर त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमोचं पहिलं सलाईन झालं. दुसऱ्या वेळी तो वॉर्डच्या दारापर्यंत गेला आणि परत फिरला. घरी सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत. त्याच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, दवाखान्यात फोन केला तेव्हा खरं कळलं. आणखी लांबवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. कौशल्याबाईंनी मला बोलावलं.

"भाऊजी, तुम्ही घेऊन जा. माझं ऐकत नाहीत."

डॉक्टरांनी आधी वर्षाली मॅडमकडे पाठवलं. आजारात मन घाबरलं तर त्याला कसं सांभाळायचं, हे त्या पेशंटना शिकवतात. त्यांनी विचारलं, "काका, भीती किती वाटते? शून्य म्हणजे अजिबात नाही. दहा म्हणजे सहनच होत नाही."

"शून्य," ज्योतीराम म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मॅडमनी आकडा लिहून घेतला. भीती आली की पाय जमिनीवर नीट टेकवायचे आणि श्वास हळूहळू सोडायचा, एवढं त्यांनी करून दाखवलं.

"किती वेळा करायचं?"

"जमेल तितकं."

"तसं नको. टार्गेट सांगा."

"टार्गेट नाही, काका."

बाहेर आल्यावर मी चिडलो. "शून्य? मग दारातून पळालास कशाला, राव?"

"हळू बोल. खरं सांगितलं तर औषध बंद करतील."

"कोण म्हणालं?"

"प्रेसमधून आवाज यायला लागला की आपण सांगत होतो का? सांगितलं की मशीन बंद. खोलून ठेवायचे अन् आपण बसून. मला बसायचं न्हाई रे. जगायचंय."

प्रेसपुरतं ते खरंच होतं.

घरी त्याने श्वासाचा ओव्हरटाइम सुरू केला. भराभर, जोर लावून. चक्कर येऊन पलंगावर बसला.

"श्वास सोडताहेत की लोहाराचा भाता चालवताहेत?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"जोर कमी लाव," मी म्हणालो. म्हणताना मलाच विचित्र वाटलं. हाताखालच्या पोरांना मी नेहमी उलटंच सांगत आलो.

केमोच्या दिवशी तो त्याच दारात थांबला. चौकट धरून उभा. मॅडम आल्या.

"काका, आज किती?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरंच औषध बंद केलं तर? मलाही खात्री नव्हती. तरी म्हणालो, "आवाज येतोय तर सांगून टाक."

"आठ," तो म्हणाला. "पण औषध बंद करू नका, मॅडम."

"आठ असला तरी औषध चालू राहतं, काका. चला, बसून बघू."

त्याने चपला काढल्या, खुर्चीत बसला, तळवे फरशीवर टेकवले. सुई लागली. बऱ्याच वेळाने मॅडमनी परत विचारलं.

"आता?"

"आठच."

"बरं," म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. बरं काय त्यात? काम केलं आणि आकडा हललाच नाही, तर फिटर पुन्हा पाना उचलतो.

"उतरला नाही की रे. मग उपयोग काय झाला?" मी विचारलं.

"मला काय माहीत? गप बस. श्वास सोडायलोय."

बाटलीतून औषध थेंब थेंब उतरत होतं. आणि ज्योतीराम खुर्चीतच होता.