नातं काढायचं नाही

पाठदुखीची बाई आठवडाभर नेमानं येते आणि मग येत नाही. आमच्या फिजिओथेरपी विभागात माझी निम्मी नोकरी हे बघण्यात गेली. केसपेपरवर आम्ही 'पुढील उपचारास आली नाही' असं लिहायचो आणि तो कपाटात जायचा. मी एकदा छापील प्रश्नावली घेऊन सर्व्हेही केला. दवाखाना लांब पडतो, वेळ नाही, खर्च झेपत नाही, बरे वाटले, इतर. बहुतेक बायकांनी 'बरे वाटले'वर खूण केली. मला ते पटेना. आठवड्यात बरी होणारी असली पाठ मी तरी पाहिलेली नाही, आणि पाठी मी पुष्कळ पाहिल्यात.

म्हणून गुणात्मक संशोधनाच्या प्रशिक्षणाची माहिती कळली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. आपापला प्रश्न घेऊन यायचं, माणसांशी सावकाश बोलायचं, ते बोलणं शब्दन् शब्द उतरवून काढायचं आणि त्यातून उत्तर शोधायचं. प्रत्येकाला एक मार्गदर्शक मिळणार होता. मधल्या टप्प्यावर कामाची तपासणी होती. जिच्या मुलाखतींत दम नाही तिनं पुढच्या तुकडीत यायचं, असा नियम.

आमचे विभागप्रमुख अर्जावर सही करताना म्हणाले, "बायकांशी गप्पा माराय ट्रेनिंग कशाला लागतंय मॅडम? रंकाळ्यावर जाऊन बसा की." मग पेन खाली ठेवून म्हणाले, "यंदा सोडतो. मधीच गळालासा तर पुना नाव काढायचं न्हाय."

"गळणार नाही," मी म्हटलं. मला राग आला की मी फार कमी बोलते, आणि हे दोन शब्द मी चांगल्यापैकी रागात बोलले होते.

पहिल्या मुलाखती मी झोकात घेतल्या. माझ्या हाताखालून न गेलेल्या रुग्णच निवडायच्या, एवढं पथ्य होतं. गावोगावच्या आशाताई घर दाखवायच्या, मी पायरीवर चप्पल काढायची आणि आतून आवाज यायचा, "कुठलं पावणं म्हणायचं?"

आमच्याकडं चहाच्या आधी नातं निघतं. माहेर कुठलं, आजोळ कुठलं, बहीण कुठं दिलीय. दोन गावं ओलांडली की कुणाची तरी चुलतजाऊ कुणाची तरी मावसबहीण निघतेच. मी जन्मले-वाढले शहरात, पण आजोळ हातकणंगल्याकडचं, आणि तिकडचा गोतावळा एवढा मोठा की मला कुठंच अडत नसे. एका जैन शेतकऱ्याच्या घरी नातं निघणं शक्य नव्हतं, तर मी त्यांच्या जावयाच्या कापडदुकानाची जुनी गिऱ्हाईक निघाले. बायका खूश व्हायच्या, ताटं वाढायच्या, निघताना ओटीसुद्धा भरायच्या. मला वाटायचं, पुस्तकात 'विश्वास संपादन करणं' लिहितात ते हेच, आणि ते तर मला आईच्या दुधाबरोबर मिळालंय.

घरी येऊन कानाला रेकॉर्डिंगचं यंत्र लावून ते सगळं उतरवायला बसले की मात्र लिहिता लिहिता हात जड व्हायचा. सासू आईसारखी. नवरा देवमाणूस. पाठ आता ठणठणीत. घरोघरी तेच, जणू सगळ्यांनी एकाच शाळेत पाठ केलं होतं.

माझ्या मार्गदर्शक बाई नागपूरकडच्या होत्या. आमची भेट दर शनिवारी मोबाईलच्या पडद्यावर व्हायची. त्यांनी माझी पानं वाचली होती आणि चष्मा कपाळावर चढवला होता.

"हे पहिलं अर्धं सगळं काय आहे हो? सोयरीक जमवायला गेला होतात का?"

मी आमची पद्धत समजावून सांगितली. थोडी अभिमानानंच सांगितली.

"बरं," त्या म्हणाल्या, "मग पाहुणी घरी आली की तिला काय काय देतात तुमच्याकडे?"

"चहा, जेवण, ओटी. जे असेल ते."

"आणि घरातलं दुखणंखुपणं? उणंदुणं?"

"ते कसं देतील पाहुण्याला?" मी म्हटलं.

"म्हणजे आधी तुम्हीच कडी घालताय," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि मग दार उघडत नाही म्हणून माझ्याकडे येताय."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. नागपूरच्या बाईनं मला कोल्हापूर शिकवावं. पण त्या संध्याकाळी सगळ्या मुलाखती पुन्हा वाचल्या, तेव्हा ती कडी मला प्रत्येक पानावर दिसली. नातं निघेपर्यंत बाई दबकत का होईना स्वतःचं बोलत होती. नातं निघालं की ती सासरची सून म्हणून बोलत होती. पाहुण्याच्या कानात पडलेलं चार गावं फिरून आपल्याच दारात येतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बाईंचं बरोबर होतं, आणि ते कबूल करायला मला दोन कप चहा लागला.

पुढच्या शनिवारी त्यांनी नियम घालून दिला. खोटं बोलायचं नाही, विचारलं तर खरं सांगायचं, पण आपणहून नातं काढायचं नाही. ऐकायला सोपं. करायला जाल तर तोंडाला कुलूप घालून लग्नाला गेल्यासारखं. "दवाखान्यातनं आलेय, कोल्हापुरात राहते, माहेर तिथलंच," एवढं सांगून मी गप्प व्हायची. आजोळाचं नाव गिळायची. बायका संशयानं बघायच्या. आमच्या भागात स्वतःचा ठावठिकाणा न सांगणारी बाई म्हणजे एक तर शिष्ट, नाहीतर विमा विकणारी. ताटं बंद झाली, ओटी बंद झाली. एका घरी तर चहाही मिळाला नाही. मी तशीच जात राहिले. बोलणं थोडं मोकळं व्हायला लागलं होतं, पण थोडंच. तपासणीचा आठवडा आला तेव्हा बाई म्हणाल्या, "अजून एक तरी मुलाखत हवी, जिच्यात बाई स्वतःचं बोलतेय. नाहीतर पुढच्या तुकडीत बघू." माझ्यासाठी पुढची तुकडी नव्हती, हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. सांगून सवलत मागायची मला लाज वाटली.

शेवटचं घर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या मागच्या गावात होतं. नवरा पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेला, सासू शेजारगावी बारशाला. पस्तिशीची बाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती, दारात दोन म्हशी. मी काम सांगितलं, परवानगी घेतली, यंत्र चालू करून दोघींच्या मधे ठेवलं. तिनं मूठभर शेंगा माझ्यापुढं सरकवल्या. लग्नाआधी कामाची सवय होती का, असं मी विचारलं.

"व्हती की. म्हायेर हातकणंगल्याकडं. गिरणीवाल्यांच्यातली मी, पिठाची गिरण हाय आमची. पोती उचलायची सवं हुती."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. त्या भागात 'गिरणीवाले' म्हणवणारं घर एकच, आणि ते माझ्या आईच्या सख्ख्या चुलतभावाचं. हिच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडं आली होती. आम्ही गेलो नव्हतो. 'अगं, मी तुझ्या आत्याची लेक' हे शब्द अगदी दातापर्यंत आले. मी त्यांच्यावर दोन-चार शेंगा कोंबल्या आणि चावत राहिले. तिनं काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही.

दवाखान्यात येणं का थांबलं, हे विचारल्यावर ती आधी म्हणाली, बरं वाटलं. मी मान हलवली आणि थांबले. माझ्यासारखीला थांबणं हे ओझं उचलण्यापेक्षा अवघड. तिनं बऱ्याच शेंगा फोडल्या. मग खाली बघतच बोलायला लागली.

"तितं पालथं निजवून पाठीवर शेक देत हुते. मला झोप लागायची. दिसा. हाक मारणारं कोण न्हाय, म्हस न्हाय, मालकांची पाळी न्हाय. मग सकाळी उटल्यापास्नं मी यष्टीची वाट बघाय लागले. एक दिस शेक संपला तरी उटूच वाटंना. तवा भ्या वाटलं. अशी सवं लागली तर घरात निभायचं कसं? सासूबी भावकीत म्हणाय लागल्या, आमची सून दवाखान्यात झोपाय जाती. खोटं काय न्हाय त्यात, झोपायच जात हुते की. मग सांगिटलं, पाठ बरी झाली."

"आणि झाली का?" मी विचारलं.

"कुटली. आजून दुखतीया. धार काढून उटताना डोळ्यात पाणी येतंय. घरात कुणाला ठावं न्हाय." तिनं पदरानं हात पुसले. "तुमी परक्या म्हणून बोलले. पावण्यांत कुणी असतं तर जीभ उचलली नसती."

हे मी इतकी वर्षं शोधत होते. कुठल्याच रकान्यात न बसणारं, तिच्या तोंडचं, माझ्यासमोर यंत्रात उतरलेलं. मला ते हवं होतं. फार हवं होतं. नियमानं मी कुठं चुकतही नव्हते, कारण विचारलं तर सांगायचं होतं आणि तिनं विचारलंच नव्हतं. पण ती ज्या भरवशावर बोलली, तो खोटा होता आणि ते फक्त मला माहीत होतं. पालथं निजलेल्या माणसाला मागं काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून आम्ही हात लावायच्या आधी सांगतो. मी यंत्र बंद केलं आणि माझ्या आईचं माहेर सांगितलं. घरही सांगितलं.

ती एकदम उठली, चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि तिकडूनच बोलायला लागली.

"आत्या बऱ्या हाईत न्हवं? लई दिसांत गाट न्हाय. आणि आमच्या सासूबाई म्हणजे आईवाणी हाईत बगा. मालक तर काय, देवमाणूस."

मला वाटलं, गेलं. कडी पडली, आणि मीच घातली. विभागप्रमुखांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तरी मी यंत्र उचलून चुलीपाशी गेले.

"हे तुझं बोलणं यात आहे," मी म्हटलं. "मी परकी नाही, हे तुला आधी कळायला हवं होतं. तू म्हणशील तर आत्ता, तुझ्यासमोर पुसते. मग ते कुणालाच कळणार नाही. माझ्या आईलासुद्धा नाही."

तिनं चहा गाळला. एक कप माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि चुलीपाशीच भिंतीला पाठ टेकून हळू खाली बसली. बसताना तिचा चेहरा वाकडा झाला, आणि या खेपेला तिनं तो लपवला नाही.

"ऱ्हाऊ दे, अक्का," ती म्हणाली. "म्हायेरच्या एका माणसाला तरी ठावं असू दे, माझी पाठ दुखतीया ते."